सुई आठवर होती

बोट आठच्या वर गेलीच नव्हती, हे शालिकराम लांजेवारांनी हाडांच्या डॉक्टरला सांगितलं, ठेकेदाराला सांगितलं, औषधाच्या दुकानदाराला सांगितलं, आणि भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात वांगी निवडता निवडता वांगीवालीलाही सांगितलं. तिनं बिचारीनं उभ्या जन्मात मोटरबोट पाहिली नव्हती. तिनं मान हलवली आणि वांगी तोलून दिली. पण ज्या एका माणसानं मान हलवायला पाहिजे होती, ते माणूस घरात पलंगावर कमरेला पट्टा बांधून, भिंतीकडं तोंड करून पडलं होतं आणि हूं की चूं करत नव्हतं.

ते माणूस म्हणजे त्यांची बायको, शकुबाई. तिच्या कमरेच्या मणक्याला चीर गेली होती. नेहरू नगरातल्या दवाखान्यात डॉक्टरनं एक्स-रे दिव्यासमोर धरून ती चीर दाखवली आणि विचारलं, हे कशानं झालं. शालिकराम तोंड उघडतात न उघडतात तोच शकुबाई बोलली होती.

"बोट लय जोरात होती."

बस, एवढंच. तिथून शालिकरामांच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती उतरायचं नाव घेईना. बायकोला लागलं याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं कोणी म्हणू नये. दवाखान्याच्या बाकावर बसून ते रुमालात तोंड खुपसून रडले होते. पण रडणं वेगळं आणि खोटा आळ वेगळा. आपल्या हाताखालची बोट किती वेगात आहे हे आपल्याला कळत नाही, असं घरच्या बाईनं परक्या डॉक्टरसमोर म्हणावं? दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याची कॉलर धरली असती त्यांनी. बायकोला कॉलर नसते, हीच तर पंचाईत.

आता हा माणूस काय होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, असेल कोणी म्हातारा, आदळआपट करून राहिला उगाच. शालिकराम भंडाऱ्याकडच्या एका गावातून मिसरूड फुटायच्या वयात भिलाईला आले आणि कारखान्यात क्रेनवर लागले. वितळलेल्या पोलादाची घराएवढी मोठी बादली, तिला तिथं लेडल म्हणतात, ती उंचावरच्या केबिनीत बसून इकडची तिकडं न्यायची. खाली माणसं. ती बादली हिंदकळली की खालच्यांचं काय होतं ते सांगायची गरज नाही. शालिकरामांच्या हातून निवृत्तीपर्यंत एक थेंब सांडला नाही. हे ते स्वतः सांगत, आणि त्यांच्यामागं दुसरेही सांगत, म्हणजे खरंच असणार.

आणि हे सगळं शकुबाईनं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. विश्वकर्मा पूजेला घरच्या मंडळींना आत सोडत, तेव्हा एका वर्षी गेली होती ती, नवं लुगडं नेसून. पण त्या दिवशी यंत्रांना सुट्टी. क्रेन वर आपली थंड उभी, गळ्यात झेंडूच्या माळा. शकुबाईनं वर पाहून हात जोडले, बुंदीचा लाडू खाल्ला आणि घरी आली. नवरा काय करतो हे तिनं फक्त ऐकलं. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी, त्याच्या तीन तऱ्हेच्या झोपा सांभाळल्या, पोरीला "हळू बोल, बाबा झोपले" म्हणत वाढवलं, आणि ऐकलं.

निवृत्त झाल्यावर घरात बसून शालिकराम वैतागले. भिलाईपासून तासाभराच्या वाटेवर एक धरण आहे. तिथं नरेश नावाच्या माणसानं फिरायच्या बोटींचा ठेका घेतला होता. त्याला दारू न पिणारा, डोकं ठिकाणावर असलेला, वयानं पोक्त चालक पाहिजे होता. शालिकरामांनी रीतसर शिकून परवाना काढला आणि पांढऱ्या फायबरच्या बोटीवर रुजू झाले. आणि तिथं, या वयात, ते प्रेमात पडले. कोणाच्या म्हणाल, तर मीटरच्या.

क्रेनच्या केबिनीत वेगाचं मीटर नव्हतं. सगळा कारभार हाताच्या अंदाजाचा. इथं समोर गोल काच, तिच्यात पांढरी सुई. घरी आल्यावर ते शकुबाईला समजावून सांगत, ती मेथी निवडत असे. रस्त्यावरच्या गाडीचं सोपं असते, चाक जमिनीले लागून फिरते, ते म्हणत. बोटीच्या खाली जमीन कुठं? म्हणून तिच्या पोटाखाली लिंबाएवढं एक दातेरी चाक बसवलेलं असते. बोट चालली की पाणी त्या चाकाले फिरवते, जितकी बोट जोरात तितकं चाक जोरात, आणि तारेतून ती गिनती वर सुईले भेटते. आणि मोजायचं किलोमीटरमध्ये नाही, नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे तासाला पावणेदोन किलोमीटरहून जरासा जास्त. शकुबाई म्हणे, बरं. मेथीची जुडी संपत असे.

मग त्यांनी बोटीची चाल शोधली. चाल म्हणजे नुसता वेग नव्हे. पाचवर बोट रेंगाळते, वाऱ्यानं बाजूला सरकते, लोक कंटाळतात. दहाच्या वर नाक वर करते. आणखी रेस दिली तर लाटेवर चढते आणि धपकन पाण्यावर आपटते, आणि पाणी तेव्हा पाणी राहत नाही, फरशी होते. शालिकरामांनी रिकाम्या बोटीत फळीवर चहाचा भरला पेला ठेवून फेऱ्या मारल्या. आठवर पेला गप्प राहिला. बसणाऱ्यांनी कठडा सोडला, मांडीवर हात ठेवले, एकमेकांशी बोलू लागले. ठरलं. आठ म्हणजे आठ. नरेश जास्त फेऱ्यांसाठी मागं लागला की ते सांगत, घाई असंल तर बसनं जा म्हणा.

अशा माणसाला म्हणायचं, बोट जोरात होती!

झालं ते असं. विश्वकर्मा पूजेच्या पुढच्या रविवारी शकुबाई पहिल्यांदा बोटीत बसली. पूजेच्या दिवशी ती घाटावर आली होती, पण तेव्हा बोट धुऊनपुसून पाण्याबाहेर ओढलेली होती, ती या रविवारीच पुन्हा पाण्यात उतरली. रविवारी मात्र शालिकरामांनी तिला बोलावून घेतलं, पोरगी रेणूलाही. रेणू नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासात शिकवते, सुट्टीचा दिवस म्हणून तीही निघाली. मागच्या बाकांवर रेणू आणि पाच जणांचं एक कुटुंब बसलं. शकुबाईला मात्र शालिकरामांनी हाताला धरून अगदी पुढं नेलं, नाकावरच्या गादीवर बसवलं. पूर्ण धरण जिथून दिसतं अशी ती एकच जागा. नवरा तिच्या मागं सुकाणूच्या चाकाशी उभा. त्याच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता, तो तिनंच सकाळी काढून दिला होता.

त्या दिवशी वारा होता. रोजच्या ठिकाणी रेसचं लिव्हर आणून ठेवलं तर सुई पाचाच्या आसपास लोळत राहिली. शालिकरामांना वाटलं, माणसं जास्त आहेत, वाराही समोरून आहे, इंजिनाला ओढ पडून राहिली. त्यांनी रेस वाढवली. सहा. आणखी वाढवली. सुई आठला आली तेव्हा त्यांना बरं वाटलं. बायको समोर बसलेली, सुई आपल्या जागी, बोट चालली. मग धरणाच्या भिंतीजवळ, जिथं लाटा भिंतीवर आपटून उलट्या येतात, तिथं बोटीनं नाक उचललं आणि आपटली. पुन्हा उचललं, पुन्हा आपटली. तिसऱ्या आपटण्याला शकुबाई गादीवरून घसरून खाली बसली आणि उठली नाही.

पुढं घरी शालिकराम म्हणाले, बोट आठवरच होती, त्यावर रेणूनं मोबाईल पुढं केला. ती मागं बसून धरणाचा व्हिडिओ काढत होती, आणि मोबाईलमध्ये वेग दाखवणारं काहीतरी चालू होतं. त्यात भिंतीजवळचा वेग होता सत्तावीस. शालिकराम उसळले. म्हणाले, सत्तावीस काय, शेर का किलो? नॉट आणि किलोमीटरमधला फरक कळत नाही तर मधात बोलू नये. रेणू म्हणाली, कळतो. आठ नॉट म्हणजे पंधरा किलोमीटर. हे सत्तावीस किलोमीटर आहे. पंधरा कुठं आणि सत्तावीस कुठं? ते म्हणाले, तुझा मोबाईल पाण्यात उतरला होता का मोजायला? ती म्हणाली, त्याला पाण्यात उतरायची गरज नाही, तो वरून उपग्रहाला विचारतो की मी मघाशी कुठं होतो आणि आता कुठं आहे. मग ते म्हणाले, तर त्या उपग्रहालाच सांग आईले जेवू घालाले. शब्दानं शब्द वाढला. बापलेकीचं बोलणं बंद झालं.

नरेशनं चावी काढून घेतली. वाईट बोलला नाही तो, पण म्हणाला की काका, तुमच्याच घरचं माणूस सांगत आहे जोरात होती म्हणून, मी पाहुण्यांना काय सांगू? हे सगळ्यात जास्त झोंबलं. घरचं माणूस! चोर परवडला पण घरचा साक्षीदार नको.

मग घरात जे सुरू झालं त्याला भांडणही म्हणता येत नाही, कारण भांडायला दोघं लागतात. शालिकराम एकटेच बोलत. भात टाकताना बोलत, कपडे वाळत घालताना बोलत, शकुबाईला औषधाची गोळी देताना तर नक्कीच बोलत. सगळं काम करत होते ते, खोटं कशाला बोला. वरण जमत नव्हतं, तरी करत होते. पट्टा कसून देत, कुशीवर वळवून देत, वेळच्या वेळी गोळ्या देत. पण प्रत्येक कामासोबत तेच एक. सुई आठवर होती. तू पाह्यली का सुई? नाही न पाह्यली? मंग कावून बोलली? शकुबाई गोळी घेई, पाणी पिई, पेला परत देई आणि भिंतीकडं तोंड करी. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांना दुसरं काही नको होतं. नोकरी गेली तर गेली. तिनं एकदा म्हणावं, तुम्ही हळूच चालवत होते, बस. ते एक वाक्य ऐकल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

शेवटी रेणूचाच धीर सुटला. एका दुपारी ती क्लास सुटल्यावर आली, शेजारणीला आईजवळ बसवलं आणि बापासमोर उभी राहून म्हणाली, चला, मोजून टाकू. तुमचं मीटर आणि माझा मोबाईल. जो खोटा निघेल त्यानं गप्प बसायचं.

शालिकराम चपला घालून तिच्या आधी दाराबाहेर. 

नरेशनं बरेच आढेवेढे घेऊन बोट दिली, स्वतःही चढला. शालिकरामांनी मोबाईल मीटरच्या बाजूला फडक्यानं बांधला. पोरीवर राग होता पण काम म्हटलं की काम. त्यांनी सांगितलं, एका बाजूनं मोजून उपयोग नाही, वारा एकीकडून ढकलतो. जायचं आणि त्याच रेघेवरून परत यायचं, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. वाहत्या नदीत गोष्ट वेगळी, तिथं पाणीच चालत असतं, तिथं खालचं चाक एक सांगेल आणि वरचा उपग्रह दुसरं, आणि दोघंही खरे असतील. पण धरणाचं पाणी उभं. इथं दोघांचं एक झालंच पाहिजे. रेणूनं मान डोलावली. इतक्या दिवसांत बापलेकीचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं.

सुई आठवर आणली. जाताना मोबाईल सव्वीस, येताना अठ्ठावीस.

शालिकराम म्हणाले, मोबाईलचा काय भरोसा. मग त्यांनी आपल्या पद्धतीनं केलं. धरणाच्या भिंतीवर ठरावीक अंतरावर खांब आहेत, ते अंतर नरेशला ठाऊक होतं. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत घड्याळ लावून गेले, परत आले, घाटावर येऊन भागाकार केला. पुन्हा केला. भागाकार मोबाईलच्या बाजूनं उभा राहिला.

सुई खोटं बोलत होती. आठ दाखवत होती आणि बोट साडेचौदानं पळत होती.

एखादा म्हणाला असता, अरे देवा. शालिकराम नरेशवर धावून गेले. देखभाल करत नाही, नुसत्या फेऱ्या मारायला पाहिजेत, सडकं मीटर देतो आणि वर माझीच चावी काढतो, लाज नाही वाटत? मीटर बनवणाऱ्याच्या बापाचाही उद्धार झाला. घाटावर पापडी खात बसलेले लोक उठून पाहू लागले. नरेशही चिडला, म्हणाला की पूजेच्या आधीपर्यंत मीटर चांगलं होतं, तुम्हीच छातीठोक सांगत होते. मग दोघांनी मिळून दोर लावून बोट घाटावर ओढली, रागारागात, आणि शालिकराम चिखलात पाठीवर झोपून तिच्या पोटाखाली सरकले.

लिंबाएवढं ते चाक. त्याच्या दात्यांत आणि आसाभोवती लाल धागा गुंडाळलेला होता. पूजेचा नाडा. पाण्यानं फुगून घट्ट बसला होता, आणि त्यात झेंडूची एक कुजकी पाकळी अडकली होती. शालिकरामांनी बोटानं चाक फिरवून पाहिलं. ते जड जड फिरलं आणि थांबलं.

विश्वकर्मा पूजेला कारखान्यात रीतच आहे, जे जे फिरतं त्याला नाडा बांधायचा. मोटर असो, पुली असो, पंखा असो. बोट घाटावर होती तेव्हा शालिकरामांनीच थाळी शकुबाईच्या हाती दिली होती आणि सांगितलं होतं, जे फिरते त्याले त्याले बांध, काही सोडू नको. शकुबाईनं काही सोडलं नाही. गुडघे दुखत असताना खाली वाकून तिनं इंजिनाच्या पंख्याला बांधला, या दातेरी चाकाला बांधला, वर हळदकुंकू लावलं. पंख्याचा नाडा पहिल्या फेरीतच तुटून गेला असणार. हा राहिला.

शालिकराम बोटीखालून बाहेर आले तेव्हा त्यांच्या पाठीला चिखल होता आणि तोंडावर हसू होतं. फार वाईट हसू होतं ते. नरेशनं धागा पाहिला आणि म्हणाला की काका, मग तुमची काहीच चूक नाही, उद्यापासून या. शालिकरामांचं तिकडं लक्षच नव्हतं. धागा त्यांनी खिशात घातला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण ओठ आता तरी बोलतील की नाही?

परतताना सुपेल्याच्या चौकात गर्दीत गाडी अडकली तेव्हा रेणू म्हणाली, "बाबा, आईले नका सांगू. उनको बहुत बुरा लगेगा."

"आणि मले बुरा नाही लागला? इतके दिवस मी झूठा होतो घरात."

 घर आल्यावर रेणू शेजारणीला सोडायला म्हणून बाहेरच थांबली. तिला ते पाहायचं नव्हतं.

शालिकरामांनी हातपायही धुतले नाहीत. सरळ पलंगाशी गेले आणि धागा शकुबाईच्या उशाशी ठेवला. वाटेत जुळवलेलं सगळं भाषण त्यांनी केलं. चाक कसं जाम झालं, सुई कशी अर्ध्यावर आली, आठ दिसत होते तेव्हा खरे किती होते, खांबापासून खांबापर्यंत कसं मोजलं. शेवटी म्हणाले की मीटरनं मले फसवलं, आणि मीटरले कोणी फसवलं ते पाह्य आता तूच.

शकुबाईनं धागा उचलून पाहिला. पाकळी बोटानं काढली.

"मीच बांधला," ती म्हणाली. "तुम्हीच म्हटलं होतं, काही सोडू नको."

"हो, मीच म्हटलं होतं. त्याचा राग नाही मले." राग होताच, पण ते जाऊ द्या. "आता फक्त एवढं सांग. मी जाणून जोरात चालवली का?"

 शालिकराम वाट पाहत उभे राहिले. आता येईल ते वाक्य, आता येईल.

"जोरातच होती," शकुबाई म्हणाली.

तेव्हा त्यांचा आवाज असा चढला की अंगणात रेणू उभी होती तिथंच दचकली. एवढं दाखवूनही? एवढं मोजूनही? ही बाई आहे का दगड? आपण हिच्यासाठी चिखलात लोळून पुरावा आणतो आणि ही तोंडावर तेच म्हणते? ते बोलत गेले आणि शकुबाई ऐकत गेली, जसं ती इतके दिवस ऐकत होती. मग तिनं पलंगाचा कठडा धरला, दात ओठांवर दाबले आणि हळूहळू, एकटीनं, कुशीवर वळली. त्यांच्याकडं तोंड करून. मदतीला त्यांनी हात पुढं केला तो तिनं बाजूला सारला.

"तुमची सुई मले काय माहीत? मी समोर बसली होती, मले सुई दिसत नव्हती. पहिल्या झटक्याले मी हात वर केला. दुसऱ्याले केला. पाह्यला का नाही तुम्ही?"



पाहिला होता. हिरव्या बांगड्यांचा हात, डोक्याच्या वर सरळ, पंजा उघडा. त्यांना तो लख्ख दिसला होता आणि इतक्या दिवसांत त्यांनी तो कोणाला सांगितला नव्हता, डॉक्टरला नाही, नरेशला नाही, स्वतःलाही नाही. हात पाहून त्यांनी खाली सुईकडं पाहिलं होतं. सुई आठवर होती. मग त्यांच्या मनात आलं होतं की घाबरली, पहिल्यांदा बसली न. आणि लिव्हरवरचा हात तसाच राहिला होता. इंजिनाचा आवाजही चढा लागत होता, तोही कानाला कळला होता. पण सुई आठवर होती.

"पाह्यला," ते म्हणाले.

"तुम्हीच सांगत होते न घरी येऊन? खालून थांबचा हात कोणीही केला, झाडूवाली बाई का असेना, तं क्रेन थांबवाचीच. कावून म्हणून विचाराचं नाही, आधी थांबवाची. मले वाटलं, हे तं थांबवतील."

इथं दुसरा कोणी थांबला असता. पण शालिकरामांचा स्वभाव असा की भांड्यात शेवटचं उरलेलं तेही ओतून टाकायचं. त्यांच्याजवळ एक बाण शिल्लक होता आणि त्यांनी तो मारला.

"हात कावून करत बसली मंग? तोंड नव्हतं का? ओरडाचं होतं जोरात. लगेच थांबवली असती मी."

शकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं ते, संतापाचं होतं. ती इतकी चिडलेली त्यांनी कधीच पाहिली नव्हती.

"मागं पाच लोक बसले होते तुमच्या," ती म्हणाली. "तुमचं काम पाह्याले मी पहिल्यांदा आली होती. लोकाइच्या समोर तुमच्या कामात ओरडू मी? तिसऱ्या झटक्यालेही नाही ओरडली. हाड मोडलं तवाही नाही. आणि तुम्ही बाजारभर सांगत फिरून राह्यले, बाई झूठी आहे म्हणून."

   रागावण्यासाठी शालिकरामांनी एक एक नाव मनात घेऊन पाहिलं. नरेश झाला, मीटर झालं, नाडा झाला. कोणीच उरलं नव्हतं. चिखलाच्या कपड्यांनी ते पलंगाजवळच्या फरशीवर खाली बसले, तिच्या तोंडाइतक्या उंचीवर.

इतक्या दिवसांत त्यांनी तिला वेळच्या वेळी गोळी दिली होती, पट्टा बांधला होता, भात भरवला होता. एक गोष्ट मात्र विचारली नव्हती.

"लय दुखते का?" त्यांनी विचारलं.

"दुखते," शकुबाई म्हणाली. आवाजातला राग तसाच होता. "लय दुखते."